गोड बंद

रोज सकाळी भिंगरीचं तोंड बघणं हे त्या घरातलं पहिलं काम. चहाचं आधण त्यानंतर. ओट्याच्या कडेला, खिडकीच्या उजेडात तिला बसवायचं, हनुवटी वर करायची आणि विचारायचं, "वाघोबा कसा करतो गं?" की भिंगरी आ वासायची, आणि तिची आई श्वास रोखून त्या एवढ्याशा गुहेत डोकवायची.

बाकीच्या आया पोरगी पडेल म्हणून घाबरतात, जेवत नाही म्हणून घाबरतात. ही दातांना घाबरायची. त्याला कारण होतं. भिंगरी जन्मली ती हृदयात एक भोक घेऊन. अगदी तान्ही असताना डॉक्टरांनी त्यावर ठिगळ शिवलं. ठिगळ हा शब्द त्यांचाच. ते बसलंही छान, पण एका कडेला शिवण जरा सैल राहिली आणि तिथून रक्ताची बारीक चिळकांडी अजूनही उडत होती.

"एवढ्यानं काही बिघडत नाही," हृदयाचे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. "औषध चालू ठेवा. खेळू द्या, पळू द्या. फक्त तिचं तोंड सांभाळा. दातांतले जंतू कधीमधी रक्तात उतरतात. तुमच्याआमच्यात उतरले तर वाहून जातात. हिच्यात त्यांना बसायला जागा आहे. एकदा बसले की लवकर उठत नाहीत."

डॉक्टर बोलून पुढच्या पेशंटकडे वळले. भिंगरीची आई मात्र त्या वाक्यातच राहायला गेली. न शिकलेल्या बाईला जंतू म्हणजे जंतू. ही सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, लेक व्हायच्या आधी एका सरबताच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. जंतू बसतात म्हणजे काय करतात, हे तिनं काचेखाली आणि काचेबाहेर दोन्हीकडे पाहिलं होतं.

म्हणून घरात फर्मान निघालं: गोड बंद. साखर, गूळ, मध, बिस्किटं, चॉकलेट, पाहुण्यांनी आणलेला खाऊ, सगळं बंद. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. कुणी पोरीच्या हातावर गोळी ठेवली तर ती तोंडात जाण्याआधीच आईची मूठ तिच्यावर मिटलेली असायची.

"आमच्या घरात साखरेला आता पासपोर्ट लागतो," सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. "मी चहात टाकते ना, तेव्हासुद्धा पाठीमागे बघून टाकते."

"आई, चेष्टा नको. तिचं हृदय आहे."

"अगं, मी कुठं म्हणते नाही. माझ्या चहाचं हृदय गेलं, एवढंच म्हणते."

हसायचे सगळे. भिंगरीसुद्धा हसायची, काही न कळता. ती नुकती बोलायला लागली होती आणि दिसेल त्या वस्तूला स्वतःचं नाव ठेवत सुटली होती. आजी ती 'आजू', बाबाचे बूट ते 'बुटू', पंखा 'फिरू', छातीवर टेकवायची डॉक्टरांची नळी 'थंडू', आणि हृदयाचं औषध 'गोडू'. सकाळ-दुपार औषधाची बाटली खळखळली की ती जिथं असेल तिथून "गोडू, गोडू" करत धावत यायची, आणि बाबा कौतुकानं म्हणायचा, "लोकांची पोरं औषधाला पळून जातात, आपली पळत येते."

रात्रीचं औषध जरा उशिरा असायचं. तोवर भिंगरी झोपलेली. आधी आईनं तिचे दात मऊ ब्रशनं एकेक करून घासलेले असायचे. मग झोपेतच, सुई नसलेल्या छोट्या पिचकारीनं, गालाच्या कोपऱ्यातून औषध सोडायचं. भिंगरी झोपेतच चुटूचुटू चोखायची आणि हसायची. दिवसभर जिवाला घोर लावून बसलेल्या आईला ते हसू फार आवडायचं. तेवढं बघून ती दिवा मालवायची.

तर त्या सकाळी वाघोबानं आ केला, आणि वरच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, आईला खडूची रेघ ओढावी तसं पांढरं दिसलं. रेघ आधीही होती. दूध चिकटलंय म्हणून तिनं ती पुसली होती, दोन-चार वेळा. आज त्या रेघेच्या मधोमध चहाच्या डागासारखा ठिपका होता. तिनं ओल्या कापडानं पुसला. गेला नाही. नखानं हळूच खरवडून पाहिला, तर नख किंचित आत गेलं.

आणि हनुवटी धरलेल्या हाताला तेव्हाच कळलं, की हनुवटी गरम आहे.

"अरे, इकडे ये," तिनं नवऱ्याला हाक मारली. आवाज असा आला की तो टॉवेल गुंडाळूनच धावला.

तापमापकानं तापच सांगितला. नवऱ्यानं फ्रिजचं दार उघडलं. "मागच्या खोकल्याचं अँटिबायोटिक आहे थोडं. एक चमचा देऊया, ताप चढायच्या आत."

"हात लावू नको त्याला."

"अगं, पण—"

"रक्त घेतल्याशिवाय एक थेंब द्यायचा नाही. रक्तात काही असलं आणि आपण औषध घातलं, तर वरवरचे मरतील. जे बसलेत ते दबून राहतील. तपासणीत दिसणार नाहीत, ताप उतरेल, आपण टाळ्या वाजवू, आणि ते आत वाढत राहतील." हे ती एका दमात बोलली, आणि बोलता बोलता स्वतःच ऐकत गेली.

"कोण बसलेत?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

नवऱ्यानं फ्रिजचं दार लावलं.

दवाखान्यात भिंगरीनं डॉक्टरांच्या थंडूशी खेळत तपासून घेतलं आणि सुई बघितल्यावर मात्र सगळा मजला डोक्यावर घेतला. एका हातातून रक्त, थोड्या वेळानं दुसऱ्यातून. ते रक्त औषधासारख्या दिसणाऱ्या बाटल्यांमध्ये गेलं. या बाटल्यांत जंतूंचं जेवण असतं. रक्तात कुणी असेल तर तिथं जेवून वाढतं आणि मग यंत्राला कळतं. असल्या बाटल्या तिनं स्वतः भरल्या होत्या, कारखान्यात, कॉलेजात, शिट्टी वाजवत भरल्या होत्या. आज त्यावर चिकटवलेल्या कागदावरचं नाव वाचायचं धाडस तिला झालं नाही.

डॉक्टरांनी बराच वेळ छातीचे ठोके ऐकले, डोळे मिटून. ती त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिली. कपाळाला आठी पडली का? पडली वाटतं. नाही, चष्म्याची खूण आहे.

"ठिगळाजवळचा आवाज आहे तोच आहे. नवा काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "पोरगी हसतेय, अंगात जीव आहे. साधा तापही असू शकतो, या वयात पोरांना तो असतोच. पण हिच्या बाबतीत मी धरून चालत नाही. बाटल्या काय बोलतात ते बघू, तोवर अँटिबायोटिक नाही." मग त्यांनी ओठ उचलून दात पाहिले. पुन्हा एकदा पाहिले. तेच वाईट होतं. "खालच्या मजल्यावर दातांच्या मॅडम बसतात. आत्ताच दाखवून या. त्यांना म्हणावं, रक्त येऊ देऊ नका."

जिना उतरताना तिनं भिंगरीला असं धरलं होतं, की पोरगी म्हणाली, "आई, दुखू."

दातांच्या मॅडम गोल चेहऱ्याच्या, बडबड्या. भिंगरीला त्यांनी खुर्चीचं बटण दाबू दिलं, खुर्चीला 'वरखालू' असं नाव पडेपर्यंत. मग कापसाचा बारीक बोळा चिमट्यात धरून दाताच्या मुळाशी हळूच टेकवला आणि उचलला.

बोळ्याबरोबर काहीतरी उचललं गेलं. पांढरट, चिकट. दात आणि बोळा यांच्यात एक बारीक तार ताणली गेली, दिव्यात चमकली आणि तुटली.

भिंगरीच्या आईनं खुर्चीचा हात धरला.

ती तार तिच्या ओळखीची होती. कारखान्यात एकदा सरबताच्या पाकाला तार सुटायला लागली होती. ओतला की शेंबडासारखा ओघळायचा. पाइपाच्या एका वळणात बुळबुळीत थर सापडला. जंतूंनी पाकातल्या साखरेवरच संसार थाटला होता. ते आपल्या अंगातून एक एन्झाइम बाहेर सोडतात. ते एन्झाइम साखरेचा कण मधोमध तोडतं, एक अर्धा भाग जंतूला खायला टाकतं आणि दुसरा अर्धा एकापुढे एक ओवत नेतं. साखरेचीच लांबलचक साखळी होते, चिकट, बुळबुळीत, पाण्यात न विरघळणारी. त्या चिखलात जंतू गाडून घेतात. वरून काही ओतलं तरी आतल्यांपर्यंत पोचत नाही.

त्या वेळी त्यांनी पाइपात जंतुनाशक सोडलं. तपासणीत सगळे जंतू मेलेले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि नव्या पाकाला पुन्हा तार. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "विणकर मेले, पण माग चालू आहे." एन्झाइमला जंतू जिवंत असण्याची गरज नव्हती. ते त्या थरात अडकून बसलं होतं, आणि साखर दिसली की विणत होतं. ते वाक्य प्रयोगशाळेत कित्येक दिवस विनोद म्हणून चाललं. कुणाचा डबा संपला तरी 'माग चालू आहे' म्हणायचे.

आता तिला ते आठवलं.

"कीड लागलीय, पुढच्या चारही दातांना," मॅडम म्हणाल्या. "दोन दातांत फार खोल गेलीय. रात्री बाटलीनं दूध घेते का?"

"नाही. केव्हाच सोडवली."

"गोड?"

"गोड बंद आहे. घरात गोड येतच नाही."

मॅडमनी तिच्याकडे जरा बघितलं. खोटं बोलणाऱ्या आया त्यांनी रोजच पाहिलेल्या असणार. "या जंतूंना साधी साखर लागते, तीही पुन्हा पुन्हा, आणि तोंडात रेंगाळणारी. त्याशिवाय असा थर धरत नाही. तुम्ही देत नसाल. मग दुसरं कुणीतरी देतंय, गुपचूप. आजी आहेत का घरात?"

"आहेत," भिंगरीची आई म्हणाली.

परतीच्या बसमध्ये नवरा काहीतरी समजावत होता, तिला ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यापुढे सासूबाईंचा पदर होता, आणि पदराखाली पोरगी, आणि पोरीच्या तोंडात काहीतरी. चहात साखर टाकताना पाठीमागे बघतात म्हणे. ते गमतीत सांगत होत्या की खरंच? दुपारी ती स्वतः कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते, तेव्हा? मांडीवर डोकं ठेवलेली भिंगरी गरम होती आणि उघड्या तोंडानं झोपली होती. त्या तोंडातून हृदयापर्यंतचा रस्ता तिला दिसत होता, बसच्या रस्त्यासारखा, थांब्याथांब्यांचा. शेवटच्या थांब्यावर एक सैल शिवण.

घरात शिरताच तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"आई, खरं सांगा. मी काही बोलणार नाही. तुम्ही तिला काय देता?"

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. "काय देते म्हणजे?"

"गोड. दात किडलेत तिचे. साखरेशिवाय किडत नाहीत."

"आई, ती तसं म्हणत नाहीये—" नवरा मध्ये पडला.

"तसंच म्हणतेय ती. तू गप्प बस." सासूबाईंनी हाताचं पीठ झटकलं. त्यांच्या तोंडावर नेहमीची मिश्किली होती ती हळूहळू उतरली, आणि तिच्याखालचा चेहरा म्हातारा होता. "बाई गं, त्या पोरीला छाती उघडून आत नेलं, तेव्हा दाराबाहेर मी तुझ्याशेजारी बसले होते. तुझी नखं माझ्या मनगटात रुतली होती, त्याची खूण आहे अजून. मी तिला गोड देईन?" त्या पुन्हा लाटायला लागल्या. "चहा पण आजपासून बिनसाखरेचा घेते. डबा बाहेर टाक."

दुपारच्या औषधाची वेळ झाली होती. भिंगरीच्या आईनं बाटली काढली. लक्ष लाटण्याच्या आवाजाकडे होतं. पिचकारी भरताना औषध ओट्यावर सांडलं, चांगलं रुपयाएवढं थारोळं. तिनं पुन्हा मापानं भरून घेतलं. पलंगावर भिंगरीनं डोळे किलकिले केले, बाटली पाहिली, आणि तापातसुद्धा तिचा चेहरा उजळला. "गोडू," ती म्हणाली. चोखलं, गाल फुगवून जिभेनं फिरवलं, आणि तशीच झोपली.

आईनं कपाळावर ओली पट्टी ठेवली. ताप पाहिला. पुन्हा पाहिला. पोरीच्या छातीवर कान लावला. आत ठिगळाजवळून रक्त जाताना जो सूंऽ सूंऽ आवाज यायचा तो येत होता. मोठा झाला का? काल एवढाच होता का? काल तिनं ऐकलाच नव्हता. रोज ऐकायला हवा होता. नवरा ऑफिसला फोन करत होता, सासूबाई आपल्या खोलीत गेल्या होत्या, दार लोटलेलं.

पाणी बदलायला ती स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याजवळ थबकली.

खिडकीच्या चौकटीपासून ओट्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. सांडलेल्या थारोळ्याभोवती त्या गोल करून बसल्या होत्या, डोकी आत घालून, पंगतीला बसल्यासारख्या. शेजारीच पोळ्यांचं ताट होतं, भाताची शितं होती. त्यांच्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं.

तिनं थारोळ्याच्या कडेला बोट लावलं. बोट उचललं तर चिकट तार आली. जिभेवर ठेवलं.

पाक. घट्ट, दाट पाक, आणि त्याच्या खाली, फार खाली, औषधाचा कडवटपणा.

गोडू.

किती दिवस ती पोर ओरडून सांगत होती. दिवसभर, घरभर, धावत येऊन. पंखा फिरतो म्हणून फिरू, नळी थंड म्हणून थंडू. एकही नाव तिनं उगाच ठेवलं नव्हतं. आणि जिनं घरातल्या प्रत्येक डब्यावर पहारा बसवला, त्या आईनं ते एक नाव लाडाचं म्हणून सोडून दिलं होतं. कारण ते औषध होतं. औषध गोडात मोडत नाही. वरच्या फळीवर साखर, खालच्या कप्प्यात औषध, आणि डोक्यातही तसेच दोन वेगळे कप्पे.

ती ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. आता एकेक गोष्ट आपोआप पुढे येऊ लागली, नको म्हटलं तरी. रात्री ती दात घासायची, आणि घासून झाल्यावर हे. झोपेत तोंडाला लाळ कमी सुटते, धुऊन जात नाही. रात्रभर तो पाक दातांच्या मुळाशी, आणि रात्रभर माग चालू. पोर झोपेत हसतेय म्हणून तिनं रोज दिवा मालवला होता. जंतूंना ताट वाढायचं, आणि पोरीला निजवायचं.

आणि आता रक्तात उतरले असतील तर. शिवणीवर बसून तीच साखळी विणत असतील तर.

सासूबाई पाणी प्यायला आल्या आणि तिला खाली बसलेलं बघून त्यांच्या हातातलं भांडं पडलं. "काय झालं? भिंगरी—"

"आई, मी," ती म्हणाली. "मीच देत होते."

बाटली तिनं त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी टोपण उघडून वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चाखला. त्या बोलतील ते ऐकून घ्यायची तयारी करून ती खाली मान घालून होती. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून, अगं आई गं करत, तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

"हे हृदयाचं आहे ना? मग हे बंद करता येतं का?"

भिंगरीच्या आईनं मान हलवली. नाही. तेच तर होतं. तिला ती बाटली मोरीत ओतायची होती, या क्षणी, शेवटच्या थेंबापर्यंत. पण त्याच औषधावर पोरीचं हृदय चाललं होतं. थांबवलं तर श्वास चढेल, दिलं तर दात खाईल. रात्री पुन्हा वेळ होणार होती. आणि ती आपल्या हातांनी पिचकारी भरणार होती.

"मग देऊन झाल्यावर तोंड पुसायचं," सासूबाई म्हणाल्या. "उठ. कापड कुठलं घेऊ? तुझ्या शास्त्रात कसलं चालतं ते सांग."

"आत्ताचंच तोंडात आहे," ती म्हणाली, आणि दोघी एकदमच उठल्या.

पुढचे दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. बाटल्या अजून गप्प आहेत, एवढंच दवाखान्यातून रोज कळायचं. गप्प म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. काही जंतू लगेच बोलतात, काही सवडीनं. फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची. नाही वाजला तर ती उचलून बघायची, चालू आहे ना. हृदयाची तपासणी केली, पडद्यावर ठिगळ दिसलं, कडा स्वच्छ दिसल्या. "आज तरी तिथं काही वाढलेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. आज तरी, हे दोन शब्द तिनं घरी आणले आणि रात्रभर उशाला घेतले.

औषध मात्र डॉक्टरांनी बदललं. तेच औषध साखरेशिवाय, गोळीतून, पाण्यात विरघळवून. रात्रीची वेळ त्यांनी अलीकडे ओढून दिली, झोपेच्या आधी. तिनं त्यांना विचारलं, आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून, "हे आधी का नाही सांगितलं कुणी?" डॉक्टर जरा वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. "पोरं घेत नाहीत म्हणून गोड करतात," ते म्हणाले. "मी हृदयाकडे बघत होतो. खाली मॅडम दाताकडे बघतात. जिना मध्ये आहे. चूक झाली."

मग एका सकाळी ताप गेला, आणि भिंगरीच्या पोटावर, पाठीवर गुलाबी पुरळ उठलं. आईनं ते बोटानं दाबून पाहिलं. रक्तातल्या जंतूंची गाठोडी कातडीखाली फुटतात, असं तिनं पुस्तकात वाचलेलं. सासूबाईंनी पोरीला गुंडाळलं, नवरा रस्त्यावर उभं राहून मिळेल ते वाहन थांबवत होता. आणि डॉक्टर पुरळ पाहून चक्क खुर्चीत मागे टेकले.

"हे बघा, उत्तर आलं. लहान पोरांचा साधा ताप. जाताना असा रंग उधळून जातो. बाटल्याही स्वच्छ आहेत, मुदत संपली त्यांची."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नवरा भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत राहिला, सगळ्यांकडे पाठ करून.

"सुटलो असं समजू नका," डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले. ती तसं समजतच नव्हती. "ते दोन दात काढावे लागतील. काढायच्या आधी अँटिबायोटिक द्यायचं, काढताना जंतूंनी रक्तात उडी मारली तर तिथंच गाठायला. बाकीचे दोन वाचवू. आणि ही काळजी तिच्या जन्माची आहे."

"हो," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी, अजून उजेड होता, भिंगरीला ओट्यावर खिडकीत बसवलं. आजीनं दोन्ही हात धरले, बाबानं वाटीत गोळी विरघळवली, आईनं पिचकारी भरली. भिंगरी "गोडू" म्हणून आनंदानं तोंड उघडून बसली. पहिला थेंब आत गेला, आणि तिचा चेहरा असा झाला की कुणी तिला फसवलंय. अर्धं औषध तिनं आजीच्या चष्म्यावर थुंकलं.

"घ्या," आजी म्हणाल्या, चष्मा न पुसता. "मला हृदयाचा आजार नाही गं बाई, तू गीळ."

उरलेलं कसंबसं गेलं. मग आईनं बोटाला ओलं कापड गुंडाळलं आणि एकेक दात मुळापासून पुसायला घेतला. हिरडीच्या कडेनं, मागून, पुढून. भिंगरीनं रागानं तिचं बोट करकचून चावलं. कापडातून दात लागले, पुढचे, ते किडलेले दोन पण. आईनं बोट मागे घेतलं नाही. चावू दिलं. कापड बाहेर काढून तिनं उजेडात ताणून पाहिलं, तार येते का.

आजचा दिवस आली नाही.

भिंगरी डोळे पुसत बाटलीच्या जागी ठेवलेल्या वाटीकडे बघत होती. सगळ्यांकडे एकदा रागानं बघून घेतल्यावर तिनं त्या वाटीचं बारसं केलं.

"कडू," ती म्हणाली.

या वेळी आईनं ते नीट ऐकलं.